जुलमी राजवट, वर्तमानपत्रे आणि आपण



दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि त्या दिवशी वर्तमानपत्रांची खास पाने निघतात. निजामाची एकतंत्री सत्ता, रझाकारांचे अत्याचार, स्टेट काँग्रेसचे सत्याग्रह, वऱ्हाडच्या हद्दीवरील शिबिरे आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांची पोलीस कारवाई, यांची हकीकत त्यांत असते. ती हकीकत खोटी आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. परंतु ती पाने आपण समोर घेऊन बसा आणि त्यांत महारवाड्यातील व मांगवाड्यातील माणूस कोठे आहे, ते शोधा. तो लढत होता काय, गाव सोडून पळत होता काय, उपाशी होता काय, की मारला गेला, याचा पत्ता आपणांस क्वचितच लागेल. मराठवाड्याच्या गावोगावी जो समाज राहत होता, त्याच्या वाट्याला या इतिहासाच्या पानावर एखादी ओळ येते किंवा तीही येत नाही.

हा योगायोग आहे असे समजून आपण पान उलटू नये. ज्या राज्यात राज्यकर्त्यास जाब विचारण्याची सोय नसते, तेथील अशांततेची बातमी वर्तमानपत्रे बहुधा दोनच बाजूंनी सांगतात. एक बाजू राज्यकर्त्याची आणि दुसरी त्याच्याशी भांडणाऱ्याची. गावाच्या शेवटी राहणारा माणूस या बातमीत आलाच, तर दोहोंपैकी कोणाचा तरी हस्तक म्हणून येतो. स्वतःचे म्हणणे असलेला माणूस म्हणून येत नाही. पुढे ती राजवट पडते, नवे राज्य येते आणि जुन्या काळी आपली बाजू छापलीच गेली नव्हती, हीच गोष्ट आपल्यावरील आरोप होऊन बसते. आपण नव्याने धम्माचा स्वीकार केला आहे. जुन्या समजुती तपासून घेण्याचे व्रत घेतले आहे. म्हणून वर्तमानपत्र कसे वाचावे, हा प्रश्नही आपल्या हक्कांच्या प्रश्नांत मोडतो, असे आम्ही मानतो.

आता एक गाव डोळ्यांपुढे आणू. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर हे गाव आहे. आज हे नाव धरणामुळे सर्वांच्या तोंडी आहे. वरच्या अंगास येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, या दोन धरणांचा पूर्णा प्रकल्प स्वातंत्र्यानंतर उभा राहिला. धरणात किती टक्के पाणी साठले, किती पाणी सोडले, याची बातमी पावसाळ्यात नियमाने येते. १९४८ साली हे धरण नव्हते. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १ मे १९९९ रोजी झाला. तेव्हा हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात आणि मीर उस्मान अली खान याच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि गावातील बहुसंख्य माणसांना कोणतीही लिपी वाचता येत नव्हती. अशा ठिकाणी बातमी पोचवीत कोण असे? गावात दवंडी पिटणारा, सरकारी सांगावा नेणारा, एखाद्या घरी मयत झाले म्हणजे ऊन-पाऊस न पाहता परगावच्या सोयऱ्यांना ते कळविणारा माणूस आपल्याच वाड्यातील असे. ते काम त्याला परंपरेने लावून दिलेले होते. साऱ्या गावाची बातमी ज्याने पायी वाहून नेली, त्याची स्वतःची बातमी मात्र कोणी कोठे नेली नाही. वर्तमानपत्रांचे युग आले तरी या व्यवस्थेत फरक पडला नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

निजामाच्या राज्यात वर्तमानपत्रांचे हाल होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागे. त्यासाठी काढलेली ‘गश्ती निशान ५३’ त्या काळी कुप्रसिद्ध होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, आणि ते पत्र नावे बदलून निघत राहिले. हैदराबाद शहरात मंदुमुल नरसिंगराव यांचे ‘रय्यत’ हे पत्र बंद पाडण्यात आले. ‘रय्यत’मध्ये काम केलेल्या शोएब उल्ला खान या तरुणाने पुढे ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक काढले. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांचा धुमाकूळ थांबावा, असे त्याने आपल्या पत्रात निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परत जात असता त्याची हत्या करण्यात आली. मारेकऱ्यांनी त्याचा हातही तोडला. तो मुसलमान होता आणि मुसलमान राजाच्या राज्यातील जुलमाविरुद्ध त्याने लिहिले, हे आपण ध्यानात ठेवावे. आपल्या जातीच्या, आपल्या धर्माच्या सत्तेविरुद्ध जो सत्य लिहितो, त्याच्या लेखणीचे मोल अधिक असते.

परंतु संस्थानाबाहेरील वर्तमानपत्रांच्या छपाईवर निजामाची सत्ता चालत नव्हती. मुंबई, पुणे, नागपूर येथे ती उघडपणे निघत होती. रझाकारांच्या अत्याचारांच्या बातम्या त्यांनी छापल्या आणि ते योग्यच केले. मात्र हैदराबादचा प्रश्न त्यांत बहुधा हिंदू प्रजा विरुद्ध मुसलमान राजा, किंवा स्टेट काँग्रेस विरुद्ध इत्तेहाद, असाच मांडला गेला. या मांडणीत अस्पृश्यांची गणना सोयीप्रमाणे होई. निजामाविरुद्ध प्रजेची संख्या सांगावयाची असेल तेव्हा ते हिंदू. निजामाच्या पक्षात कोण आहे, हे सांगावयाचे असेल तेव्हा ते निजामाचे हस्तक. विहिरीवर, देवळात आणि शाळेत ते कोण होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

वस्तुस्थिती काय होती? हैदराबादेतील अस्पृश्य समाजाच्या पुढाऱ्यांत त्या वेळी सरळ दोन पक्ष होते. बी. एस. व्यंकटराव हे लायक अली यांच्या मंत्रिमंडळात गेले. बी. श्यामसुंदर हे निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत गेले. उलट जे. एच. सुबय्या यांच्यासारखे कार्यकर्ते बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनबरोबर राहिले. खुद्द बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये जाहीर पत्रक काढून हैदराबादच्या अनुसूचित जातींना स्पष्ट बजावले की, त्यांनी निजामाची किंवा इत्तेहादची बाजू कदापि घेऊ नये, आणि सुटकेचा सोपा मार्ग म्हणून धर्मांतरास बळी पडू नये. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता, त्याला उत्तर दिले गेले होते, समाजात त्यावर वाद झाला होता. विचार करणाऱ्या जिवंत समाजाचे हेच लक्षण आहे. परंतु बातमीत हा वाद दिसत नाही. दोन पुढारी निजामाकडे गेले म्हणून सारा समाज निजामाचा, हा हिशेब मात्र गावोगाव पोचला. सवर्ण पुढाऱ्यांतील मतभेदांना वर्तमानपत्रे विचारांचा संघर्ष म्हणतात आणि आपल्यातील मतभेदांना फितुरी म्हणतात. हा न्याय आजतागायत चालू आहे.

या हिशेबाची किंमत पोलीस कारवाईनंतर द्यावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या सैन्याने शरणागती दिली. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने बातमी तेथे संपली. विजयाची मिरवणूक निघाली म्हणजे वार्ताहर मिरवणुकीबरोबर जातो. मागे राहिलेल्या गल्लीत तो जात नाही. त्या गल्ल्यांत पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात हिंडली. पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मारलेल्यांत फार मोठी संख्या मुसलमानांची होती. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचे उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्यातील जिल्हे होते. हा अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सर्वसामान्य अभ्यासकांस पाहावयास मिळू लागला, तेव्हा २०१३ साल उजाडले होते. निजामाच्या जुलमाची बातमी निजामाने दडपली आणि निजाम गेल्यानंतरच्या हत्यांचा अहवाल लोकांच्या सरकारने दडपून ठेवला. 

आणि आपला समाज? निजामाच्या काळात पडीक व गायरान जमिनी कसणारी कुटुंबे ‘निजामाची माणसे’ ठरली. त्यांपैकी कित्येकांना जमिनीवरून हुसकण्यात आले. ज्यांनी भीतीने वा आमिषाने धर्म बदलला होता, त्यांच्यावर दुहेरी संकट आले. या माणसांची बाजू मांडावी, तर आदल्या वर्षातील एकही छापील कागद त्यांच्या हाती नव्हता. आपण रझाकारांना भ्यालो होतो, आपणांकडून जबरदस्तीने काम करून घेतले, आपल्यातील कित्येकांनी नकार दिला, हे सांगणारी बातमी कोठेच आलेली नव्हती. जुलमी राजवटीत ज्याची तक्रार छापली जात नाही, तो राजवट गेल्यावर तिचा साथीदार समजला जातो. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी आपण बातमीचा प्रश्न गंभीरपणे घेतला पाहिजे.

येथे आपल्यापैकी काही वडीलधारी मंडळी एक आक्षेप घेतील. ती म्हणतील, ‘बाबा, निजाम जुलमी होता हे खरे, पण आम्हाला जमिनीचा तुकडा त्याने दिला. गावच्या पाटलाने काय दिले?’ हा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण त्यात भाकरीचा प्रश्न आहे. हाच आक्षेप आणीबाणीच्या बाबतीतही घेतला जातो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. पुढे वीस कलमी कार्यक्रम आला, भूमिहीनांच्या कर्जवसुलीस स्थगिती आली, घरांसाठी जागा वाटल्या गेल्या, वेठबिगारी कायद्याने रद्द झाली. दलित समाजातील काही नामवंत पुढाऱ्यांनी व साहित्यिकांनी आणीबाणीस पाठिंबा दिला, तो याच कारणासाठी.

आमचे उत्तर असे आहे. वेठबिगारी रद्द झाली हे उत्तमच झाले. पण त्याच काळात वर्तमानपत्रांवर प्रसिद्धीपूर्व तपासणी बसली. देशातील चार वृत्तसंस्था मोडून १९७६ साली ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यात आली. संसदेत काय बोलले गेले ते छापणाऱ्यास १९५६ च्या कायद्याने मिळालेले संरक्षण काढून घेतले गेले. आता विचार करा. गावात जमीन वाटल्याचा हुकूम निघाला, पण ताबा मिळाला नाही, तर ती तक्रार कोणते वर्तमानपत्र छापणार होते? तहसील कचेरीतून बातमी येणार की वाटप पूर्ण झाले. तपासणी अधिकारी तीच पुढे पाठविणार. ज्याच्या हाती कागद आला आणि जमीन आली नाही, त्याचे तोंड त्याच कागदाने बंद झाले! १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. या मोहिमेत दारिद्र्यात राहणाऱ्यांना किती ठिकाणी धरून नेले, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून कळणे शक्य नव्हते. ते आणीबाणी उठल्यावर, शहा आयोगासमोर बाहेर आले. राज्यकर्त्याने दिलेली भाकरी खावी, तिला नकार देण्याचे कारण नाही. परंतु जो राज्यकर्ता एका हाताने भाकरी देतो आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र बंद करतो, त्याने उद्या ती भाकरी काढून घेतली तर ओरडण्यास जागा उरत नाही.

त्या काळी वर्तमानपत्रे कशी वागली? काही पत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध केला. ‘साधना’सारख्या साप्ताहिकाने सरकारी कारवाई सोसली. पण बहुतेकांनी मान तुकविली. आणीबाणीनंतर लालकृष्ण अडवाणी यांनी संपादकांना सुनावले की, तुम्हाला नुसते वाकावयास सांगितले होते, तर तुम्ही सरपटू लागलात. हे बोलणे कडवट असले तरी वावगे नव्हते.

कोणी म्हणेल, तपासणी गेली म्हणजे हा दोष आपोआप जाईल. तो जात नाही, हे आपण मराठवाड्यातच पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळण्यात आल्या. नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत त्याची झळ फार मोठी होती, आणि आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. या वेळी निजाम नव्हता, आणीबाणी नव्हती, तपासणी अधिकारी नव्हता. तरीही कित्येक पत्रांत या प्रकारास विद्यार्थ्यांचे आंदोलन, जनतेचा उद्रेक, प्रादेशिक अस्मितेचा प्रश्न अशी नावे मिळाली. या प्रदेशातील सर्वाधिक वजनाचे पत्र ‘मराठवाडा’ हे होते. होय, तेच ‘मराठवाडा’, ज्यावर निजामाने बंदी घातली होती आणि जे नावे बदलून झुंजत राहिले होते. त्या पत्राने नामांतरास विरोध केला. मत मांडण्याचा त्यास पूर्ण हक्क होता आणि आम्ही तो नाकारीत नाही. परंतु ज्या पत्राने स्वतः मुस्कटदाबी सोसली, त्यासही जळत्या वस्तीतील माणसाच्या जागी उभे राहून प्रश्न पाहता आला नाही. जुलमाशी झुंजलेला माणूस दुसऱ्यावरील जुलूम ओळखतोच असे नाही. ते शिकावे लागते.

असे अनुभव बाबासाहेबांना फार पूर्वी आले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. म्हणून १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे त्यांनी निष्ठेने उभी केली. पैसा नव्हता, जाहिराती नव्हत्या, वर्गणीदार गरीब होते. तरी कायदेपंडित, प्राध्यापक आणि पुढारी असलेल्या या पुरुषाने आयुष्यभर वर्तमानपत्राचा खटाटोप सोडला नाही. दुसऱ्याच्या पत्रात आपली बाजू येत नसेल, तर ती कोठे तरी छापून ठेवणे हे राजकीय काम आहे, हे त्यांनी जाणले होते.

आता थोडे देशाबाहेर पाहू, कारण जे देश बौद्ध म्हणून ओळखले जातात, तेथेही हा प्रश्न उभा राहिला आहे. दक्षिण व्हिएतनाममध्ये १९६३ साली दिएम यांची एकतंत्री राजवट होती. वैशाख पौर्णिमेस बौद्ध ध्वज लावण्यास मनाई झाली. ८ मे रोजी ह्वे शहरात जमलेल्या बौद्धांवर बळाचा वापर झाला आणि माणसे मेली; त्यांत मुलेही होती. सरकारने सांगितले, हे कम्युनिस्टांचे काम. महिनाभर भिक्षू शांततेने तक्रार करीत राहिले. ११ जूनच्या आदल्या दिवशी त्यांनी विदेशी वार्ताहरांना, उद्या काही महत्त्वाचे घडणार आहे, असे कळविले. बहुतेकांनी दुर्लक्ष केले. दुसऱ्या दिवशी सायगाव शहरात भर चौकात थिक क्वांग डक या वृद्ध भिक्षूने स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. आपल्याकडेही नामांतराची मागणी सोळा वर्षे रेंगाळली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. शांतपणे दिलेला अर्ज बातमी होत नाही आणि जळालेला देह बातमी होतो, हा वर्तमानपत्रांचा फार मोठा दोष आहे. आपल्या एकाही मुलाने कोणत्याही मागणीसाठी आपला देह जाळू नये, असे आम्ही कळवळून सांगतो. म्हणूनच अर्जाची बातमी व्हावी असा आग्रह धरणे हे जीव वाचविण्याचे काम आहे.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यात आपलीच परीक्षा आहे. म्यानमारच्या रखाईन प्रांतात इन दिन या गावी सप्टेंबर २०१७ मध्ये दहा रोहिंग्या मुसलमानांना ठार मारून एका खड्ड्यात पुरले. मारणारे सैनिक होते आणि त्याच गावचे बौद्ध रहिवासी होते. वा लोन आणि क्यॉ सो ऊ या दोन वार्ताहरांनी हे प्रकरण बाहेर काढले. त्यांतील क्यॉ सो ऊ हा स्वतः रखाईनमधील बौद्ध. खुद्द मारणाऱ्यांत असलेल्या बौद्ध ग्रामस्थांनी त्यांना हकीकत सांगितली. दोघा वार्ताहरांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि ते ५०० हून अधिक दिवस तुरुंगात राहून मे २०१९ मध्ये सुटले. हत्येबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेले सैनिक मात्र एक वर्षही न भरता बाहेर आले. पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने सारी सत्ता बळकावली आणि पुढच्या महिन्यात स्वतंत्र वृत्तसंस्थांचे परवाने रद्द केले. आधी मुसलमानांविषयीची बातमी दडपली गेली, तेव्हा अनेक बौद्धांनी मौन धरले. नंतर बौद्धांवरच गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्याविषयी खोटे छापले तर संतापावयाचे आणि आपल्या नावाने दुसऱ्यावर झालेला जुलूम छापला तर त्यास धर्मद्रोह म्हणावयाचे, हा न्याय आपण स्वीकारू शकत नाही. पंचशीलातील चौथे शील आपल्या बाजूच्या असत्यास सूट देत नाही.

मग आपण काय करावे? भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नका. ही शिकवण वर्तमानपत्रास लावा. आज तर वर्तमानपत्राच्या जोडीला दूरचित्रवाणी आणि खिशातील मोबाईल आहे. त्यावर येणाऱ्या निरोपाला संपादक नाही, पत्ता नाही, जबाबदारी नाही. त्यास हा निकष दुप्पट कठोरपणे लावावा.

अशांततेची बातमी वाचताना प्रथम पाहा की, ती सांगितली कोणी. पोलिसांचे निवेदन जसेच्या तसे छापले असेल, तर ते पोलिसांचे म्हणणे आहे. ती घडलेली हकीकत असेलच असे नाही. वार्ताहर वस्तीत गेला होता काय? तेथील एका तरी माणसाचे म्हणणे त्यात आहे काय? नंतर शब्द तपासा. ‘परिस्थिती नियंत्रणात आहे’ असे लिहिले म्हणजे ती कोणाच्या नियंत्रणात आहे? ‘तणावपूर्ण शांतता’ म्हणजे कोण शांत आहे आणि कोण दाराआड भीतीने बसले आहे? ‘दोन गटांत हाणामारी’ असे लिहिले असेल, तर दोन्ही गटांची घरे जळाली काय? ‘समाजकंटक’ या शब्दाने मारणाऱ्याचे नाव झाकले जाते आणि ‘जमाव’ या शब्दाने मार खाणाऱ्याचे. शेवटी पाहा की, पुढे काय झाले. पहिल्या दिवशी पहिल्या पानावर आलेली बातमी महिन्याने कोठे आहे? खटला झाला काय, जमीन परत मिळाली काय, चौकशीचा अहवाल बाहेर आला काय? जे पत्र पुढील हकीकत देते, ते विश्वासास पात्र समजावे, मग ते कोणाच्याही मालकीचे असो.

बातमी खोटी वा अपुरी असेल, तर नुसता संताप करू नका. संपादकास पत्र लिहा, तारीख घाला, प्रत ठेवा. दाद लागली नाही, तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. दैनिकाविरुद्धची तक्रार बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि आधी संपादकास लिहिलेले असावे लागते. पोलिसांत फिर्याद दिली, तर तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्या. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. घटना कोणती, तारीख कोणती, कोण हजर होते, कोणत्या कचेरीत अर्ज दिला, काय उत्तर आले, एवढे तीत लिहा. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, पाहिले असेल तर पाहिले म्हणून लिहा. आपल्या माणसाची चूक असेल तर तीही लिहा. अशाच वहीवर पुढे परका माणूस विश्वास ठेवील.

आणखी एक काम आहे आणि त्यास उशीर करून चालणार नाही. १९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. सिद्धेश्वर, औंढा, हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांतील आपल्या वस्त्यांतून असे थोडेच आजी-आजोबा आता उरले आहेत. रझाकार आले तेव्हा वस्तीत काय झाले, पोलीस कारवाईनंतर काय झाले, जमीन कोणाकडे होती व कोणाकडे गेली, त्यांना कोणी भीती घातली आणि कोणी भाकरी दिली, हे त्यांना विचारा. त्यांच्याच शब्दांत उतरून घ्या. आपल्यास सोयीचे तेवढे लिहू नका. शेजारच्या मुसलमान घराचे काय झाले, तेही विचारा. मग ही हकीकत येत्या १७ सप्टेंबरच्या आत जिल्ह्यातील प्रत्येक वर्तमानपत्राकडे पाठवा आणि छापा असा आग्रह धरा. त्यांनी छापली तर त्यांचे आभार माना. न छापली तर आपण छापा.

गावाचा सांगावा आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनमोबदला वाहिला. आता आपला सांगावा आपणच लिहून पोचवू या.

जय भीम.